आजारी मुलांचे दिवस कसे जातात, हे मुलांनाच विचारा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इंदूरच्या रुग्णालयांविषयी वर्तमानपत्रात जे छापून येते, ते मी आवर्जून वाचते. नवे यंत्र आले, खाटा वाढल्या, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांसाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सोय झाली, कर्करोग झालेली अमुक इतकी मुले बरी होऊन घरी गेली, अशा त्या बातम्या असतात. त्या वाचून मनापासून समाधान वाटते, कारण माळवा आणि निमाडमधल्या कितीतरी आईवडिलांना अशा उपचारांसाठी मुंबई किंवा दिल्ली गाठताना मी पाहिले आहे. मात्र उपचार चालू असताना, आणि ते संपल्यानंतरही, त्या मुलाचे दिवस कसे जातात, याची नोंद मला अशा बातम्यांत आढळत नाही आणि रुग्णालयांच्या अहवालांतही क्वचितच आढळते. हे पत्र त्याविषयी आहे.

मी निवृत्त शिक्षिका असून शहरातील एका रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात, गोष्टी वाचून दाखवायला आणि ज्यांना झेपेल त्यांचा थोडा अभ्यास घ्यायला जात असते. वैद्यकीय बाबींत माझा अधिकार नाही. परंतु मुलांना प्रश्न कसा विचारावा आणि त्यांचे उत्तर कसे ऐकावे, हे ज्या कामात आयुष्य गेले त्याने शिकवले आहे, आणि त्या नात्यानेच हे लिहीत आहे.

मुलाचे सुखदुःख मोजता येत नाही, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेची १९४८ साली अंमलात आलेली घटनाच सांगते की आरोग्य म्हणजे केवळ रोग नसणे नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य होय. याच संघटनेने २०१८ साली बालकर्करोगाविषयी जागतिक उपक्रम सुरू केला. २०३० पर्यंत जगभरातील निदान ६० टक्के मुले वाचावीत, हे त्याचे उद्दिष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याच उद्दिष्टाचा दुसरा भाग, म्हणजे सर्वच मुलांचा त्रास कमी व्हावा, हा मात्र फारसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. पहिला भाग मोजायला सोपा आहे. दुसरा मोजायचा, तर मुलाजवळ बसावे लागते.

त्यासाठीची साधने तयार आहेत. जेम्स वार्नी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘पेड्सक्यूएल’ नावाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या मूळ भागात २३ प्रश्न आहेत: आठ शरीराच्या हालचालींविषयी, पाच मनाविषयी, पाच इतर मुलांशी असलेल्या संबंधांविषयी आणि पाच शाळेविषयी. गेल्या महिन्यात अमुक गोष्टीचा त्रास किती झाला, एवढेच विचारायचे असते आणि ‘कधीच नाही’ पासून ‘जवळजवळ नेहमीच’ पर्यंत पाच पर्याय असतात. कधीच त्रास न झाल्यास १०० गुण, नेहमीच झाल्यास शून्य, मधल्या पर्यायांना ७५, ५० आणि २५, आणि मग त्यांची सरासरी. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी पर्याय तीनच असतात. प्रश्न वाचून दाखवायचा आणि हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांपैकी एकावर मुलाने बोट ठेवायचे. कर्करोगाच्या मुलांसाठी २७ प्रश्नांची वेगळी पुरवणी आहे. तिच्यात वेदना आणि मळमळ तर आहेच, शिवाय सुईची भीती, आपण दिसतो कसे याची खंत, डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचा संकोच, हेही आहे. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला समाधान वाटले, कारण वॉर्डातली मुले गोष्टीच्या मध्येच जे बोलून जातात, तेच या प्रश्नांत होते.

अशा प्रश्नावलीतून शेवटी एक आकडा हाती येतो, आणि त्या आकड्याला फार लवकर भुलू नये असे मला वाटते. दोन मुलांची सरासरी ६० आली, म्हणून त्यांची स्थिती सारखी ठरत नाही. एक मूल चालू शकत नसेल, पण मित्रांच्या गराड्यात आनंदी असेल. दुसरे धडधाकट दिसत असेल, पण केस गेल्यापासून कोणासमोर येत नसेल. म्हणून चारही भागांचे गुण वेगवेगळे पाहिले पाहिजेत, आणि ज्या प्रश्नाला मुलाने शेवटचा पर्याय निवडला, तो प्रश्न डॉक्टरांच्या नजरेस पडलाच पाहिजे. ते होत नसेल, तर हा सारा खटाटोप प्रबंधांपुरताच उरेल.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे तो उत्तर कोणी द्यायचे, हा. या प्रश्नावलीचे दोन नमुने असतात, एक मुलासाठी आणि एक आईवडिलांसाठी. पाच वर्षांपासून पुढचे मूल स्वतःविषयी सांगू शकते, असे मानूनच ती रचलेली आहे. आपल्याकडे मात्र मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आई देते, आईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वडील देतात, आणि ज्याच्या अंगात ताप आहे तो गप्प बसून राहतो. यात आईचा दोष मुळीच नाही. रात्र रात्र जागून तिला मुलाच्या शरीराचा कण न कण पाठ झालेला असतो. मात्र अनेक देशांतल्या अभ्यासांतून हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे की चालणे, जेवणे, थकणे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत आईवडिलांचे आणि मुलाचे उत्तर बऱ्यापैकी जुळते, तर मनातल्या आणि मित्रमंडळीतल्या गोष्टींत ते जुळत नाही. आणि आजारी मुलांचे पालक मुलाचे जगणे बहुधा मुलाला स्वतःला वाटते त्याहून वाईट समजतात.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. रक्ताचा कर्करोग झालेल्या, तिसरीत शिकणाऱ्या एका मुलीला एक विद्यार्थिनी असे प्रश्न विचारत होती. सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, या प्रश्नावर आईने पाठीच्या कण्यात द्याव्या लागणाऱ्या इंजेक्शनचे नाव घेतले, आणि आम्हा सर्वांनाच ते पटले. मुलीने मान हलवली नाही. आई औषध आणायला खाली गेल्यावर तिने स्वतःहून आपला डावा हात पुढे केला आणि मनगटावरची चिकटपट्टी दाखवली. सलाईनची सुई काढताना ही पट्टी झटकन ओढतात, कातडी सोलल्यासारखी होते आणि ती केव्हा ओढणार हे कोणी आधी सांगत नाही, असे तिचे म्हणणे होते. पाठीतल्या इंजेक्शनच्या वेळी भूल देतात, त्यामुळे त्याचे तिला तेवढे वाटत नव्हते. त्या पाळीच्या सिस्टरना हे सांगितल्यावर त्यांनी पट्टी ओल्या कापसाने भिजवून, कडा सैल करून, मुलीला आकडे मोजायला लावून काढली. यात खर्च काही नव्हता. इतके दिवस ते झाले नाही, कारण ते कोणी विचारलेच नव्हते.

मुले पुष्कळदा आईसमोर खरे सांगत नाहीत, हेही इथे नमूद केले पाहिजे. उत्तर देण्याआधी ती आईच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि तिला काय सोसेल, त्याचा अंदाज घेऊन बोलतात. आपल्या मराठी घरांत, आणि इंदूरमधली आमची घरे त्याला अपवाद नाहीत, आजाराचे नाव मुलासमोर काढायचे नाही असा दंडक असतो. दारामागे कुजबुज चालते, आजी ‘काही नाही रे, दोन दिवसांत बरा होशील’ म्हणून केसांवरून हात फिरवते, आणि पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत थांबवले जाते. यामागची माया मी जाणते. परंतु मुलाला काही कळत नाही, ही समजूत खरी नव्हे. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात अमेरिकेत ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांच्या वॉर्डात राहून अभ्यास केला, तेव्हा त्यांना असे आढळले की कोणी काही न सांगताही मुलांना आपल्या आजाराचे गांभीर्य कळलेले असते, अगदी आपण वाचणार नाही हेसुद्धा कळलेले असते, आणि मोठ्यांना त्रास होऊ नये म्हणून ती ठाऊक नसल्यासारखी वागतात. अशा मुलाला कोणी शांतपणे, वेळ देऊन, ‘तुला काय वाटते’ असे विचारले, तर त्याचे दुःख वाढते असा माझा अनुभव नाही. उलट बहुतेक मुले मोकळी होतात. विचारणारी व्यक्ती घाईत असू नये आणि उत्तर ऐकून तिचा चेहरा पडू नये, एवढे मात्र सांभाळावे लागते.

ज्यांना बोलता येत नाही, अशा मुलांचे काय, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. अगदी लहान बाळे, गुंगीत असलेली मुले, मेंदूच्या आजाराने वाचा न फुटलेली मुले यांच्यासाठी निरीक्षणाच्या पद्धती आहेत. ‘फ्लॅक’ या १९९७ सालच्या पद्धतीत चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन वेदना दहापैकी किती, हे ठरवतात. येथे आईची साक्ष अमोल असते, कारण आपले मूल दुखल्यावर ओठ कसे मुडपते, हे तिच्याइतके कोणालाच कळत नाही. मात्र ही वेदनेची मोजणी झाली; जगणे त्याहून मोठे आहे.

आता आपल्या भागाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण बाहेरून आलेली प्रश्नावली जशीच्या तशी येथे चालणार नाही. इंदूरच्या सरकारी रुग्णालयांत झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन या जिल्ह्यांतून मुले येतात. झाबुआ येथून साधारण दीडशे किलोमीटरवर आहे, अलीराजपूर त्याहून दूर. घरी भिली, निमाडी किंवा माळवी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला छापील हिंदीतला प्रश्न वाचून दाखवला, तर ते मान डोलावते आणि आपण तेच उत्तर म्हणून लिहून घेतो. त्या त्या बोलीत प्रश्न तयार करून, आधी काही मुलांना विचारून, त्यांना काय समजले हे तपासल्याखेरीज त्या उत्तरांवर विसंबता येणार नाही. दुसरी अडचण शाळेच्या पाच प्रश्नांची आहे. वर्गात लक्ष लागते का, अभ्यास इतरांच्या बरोबरीने होतो का, दवाखान्यामुळे शाळा बुडते का, असे ते प्रश्न आहेत. ज्या मुलाची शाळा आजारात कायमची सुटली, त्याच्या बाबतीत हे सगळे रकाने कोरे राहतात. आणि एखाद्या भागातील निम्म्याहून अधिक उत्तरे नसतील, तर त्या भागाचे गुण काढायचेच नाहीत असा नियम आहे. म्हणजे ज्याचे सर्वांत अधिक नुकसान झाले, त्याचेच नुकसान कागदावर उमटत नाही. तेथे कोऱ्या रकान्याऐवजी ‘शाळा सुटली’ अशी स्वतंत्र नोंद झाली पाहिजे, असे एक शिक्षिका म्हणून मी आग्रहाने सांगेन.

सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन असह्य कळा आणणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, विचार केला तर हे अधिक स्पष्ट होते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून सुरू झाले आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य आहे. ही फार मोलाची गोष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया (रक्त लवकर न गोठण्याचा आजार) यांचा समावेश झाला, हेही मोलाचेच. परंतु तपासणीतून आजार कळतो आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी लिहिली जाते. कळा येऊन रात्रभर हातपाय दाबत बसणाऱ्या मुलाची महिन्यातली किती दुपार खेळण्यात गेली, हे त्या दोन्ही कागदांवर नसते. थॅलेसेमियाच्या मुलांना दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि शरीरात साठणारे लोह काढण्याचे औषध सतत घ्यावे लागते. त्यांच्या हिमोग्लोबिनची नोंद प्रत्येक खेपेस होते. रक्त चढवण्याच्या आदल्या चार दिवसांत ते मूल जिना चढू शकते का, सहलीला त्याला कोणी नेते का, याची नोंद होत नाही.

जगण्याची गुणवत्ता मोजण्याला काहींचा विरोध असतो आणि त्यामागची भीती मला खोटी वाटत नाही. उद्या कोणी हाच आकडा पुढे करून म्हणेल की या मुलाचे जगणे असेही निकृष्टच आहे, मग त्याच्यावर एवढा खर्च कशाला? असा उपयोग कोणी करू पाहील, तर त्याला ठामपणे विरोध केला पाहिजे, आणि त्यासाठी पुरावाही मुलांनीच दिलेला आहे. युरोपातल्या सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांचा एक मोठा अभ्यास २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातली पाचशे मुले स्वतः उत्तरे देऊ शकली, आणि त्यांनी आपल्या जगण्याविषयी जे सांगितले ते बहुतेक बाबतींत इतर सर्वसामान्य मुलांसारखेच होते. बाहेरून पाहणाऱ्याला जे आयुष्य दयनीय वाटते, ते आतून जगणाऱ्याला तसे वाटतेच असे नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या मुलांना वेदना होती, त्यांचे जगणे मात्र प्रत्येक बाबतीत खालावलेले होते. मुलाचे व्यंग आपल्याला दूर करता येईल किंवा येणार नाही. वेदना पुष्कळ अंशी दूर करता येते.

येथे परिहार सेवेचा, म्हणजे ज्याला सर्रास पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्याचा, उल्लेख करणे भाग आहे. आता काही उपाय उरला नाही असे सांगून झाल्यावर करायची ती गोष्ट, असे आपल्याकडे समजतात. जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ ची व्याख्या सांगते की मुलांसाठी ही सेवा निदान होताच सुरू व्हावी आणि रोगावरचे उपचार चालू असोत वा नसोत, ती चालूच राहावी. बोस्टन येथे कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आईवडिलांशी बोलून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ८९ टक्के पालकांनी सांगितले की शेवटच्या महिन्यात मुलाला निदान एका लक्षणाचा तरी फार त्रास झाला. आणि ज्या मुलांच्या वेदनेवर उपचार झाले, त्यांपैकी केवळ २७ टक्के मुलांच्या बाबतीत ते यशस्वी ठरले. अमेरिकेतल्या नामांकित रुग्णालयांची तेव्हाची ही स्थिती होती. तेथल्या डॉक्टरांनी ती लपवली नाही. मोजली, छापली, आणि पुढे त्यावर काम केले. आपल्याकडे मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचे औषध मिळणे सोपे व्हावे म्हणून १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झालेली आहे. वेदनेची नोंदच नसेल, तर त्या दुरुस्तीचा लाभ मुलापर्यंत पोहोचणार कसा?

डॉक्टरांना वेळ नसतो, हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे आणि बाह्यरुग्ण विभागातली गर्दी पाहता ते प्रामाणिक उत्तर आहे. म्हणूनच हे काम डॉक्टरांवर टाकू नये. प्रश्नावलीला काही मिनिटेच लागतात; रक्त चढत असताना किंवा तपासणीची वाट पाहत असताना मूल तासन्तास बसलेलेच असते. सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका महाविद्यालयाची विद्यार्थिनी, समाजकार्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी यांपैकी कोणीही थोड्या प्रशिक्षणानंतर हे करू शकते. नेदरलँड्समध्ये मुले भेटीच्या आधीच अशी प्रश्नावली संगणकावर भरतात आणि तिचा गोषवारा डॉक्टरांसमोर असतो; त्यामुळे मनाच्या आणि घरच्या गोष्टींवर डॉक्टर आणि मूल यांच्यात अधिक बोलणे होऊ लागले, असे तिथल्या अभ्यासांत दिसले आहे. आपल्याला संगणकही नको. केस पेपरवर जेथे ताप, वजन आणि हिमोग्लोबिन लिहितात, त्याच पानावर मुलाने स्वतः सांगितलेली एक ओळ लिहायला जागा असावी, आणि पुढच्या भेटीत तिचे काय झाले, हे त्याखाली लिहावे.

भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमानुसार, स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबतीत मत मांडण्याचा आणि ते विचारात घेतले जाण्याचा हक्क मुलाला आहे. आजारी मुलाच्या बाबतीत त्याच्या स्वतःच्या शरीराहून अधिक संबंधित बाब कोणती असणार? इंदूरमधील सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी, निदान कर्करोग, थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या विभागांत, वर्षभर ही पद्धत राबवून पाहावी, तिचे निष्कर्ष मुलांची नावे वगळून जाहीर करावेत आणि माळवी, निमाडी, भिली भाषांत प्रश्न तयार करण्यासाठी येथल्या विद्यापीठाची आणि शिक्षकांची मदत घ्यावी, अशी माझी विनंती आहे. आमच्यासारखे निवृत्त शिक्षक या शहरात पुष्कळ आहेत आणि अशा कामाला ते आनंदाने येतील. आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे: यापुढे मुलांच्या वॉर्डाची बातमी करताना किती खाटा आणि किती कोटी हे जरूर विचारावे, आणि त्याबरोबर तेथील मुलांच्या वेदनेची नोंद कोण ठेवते आणि ती कोण वाचते, हेही विचारावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर